धुऱ्याआधी हात बदलायचा नाई

तसं पाह्यलं तं मी पान्याचा मानूस नाई, मातीचा हाय. बार्शीटाकळीच्या पुढं आमचं गाव, भारी काळी जमीन, पावसाळ्यात चप्पल घालून वावरात गेलं तं चप्पल तठीच राह्यते अन् मानूस अनवानी घरी येते. माहं नाव गजानन. आमच्या इकडं दर घरी एक गजानन राह्यतेच, गल्लीत उभं राहून गजानन म्हून आवाज देला तं चार घरातून हाव येते, म्हून मले गावात गजा म्हनतात, अन् अठी धरणावर अमरावती-अकोल्याचे लोकं गजूभाऊ म्हनतात. तुमी काहीबी म्हना ताई, मले चालते. लिहून घेता तं घ्या, पन फळीवर चढ्याच्या आधी तो मोबाईल कोरड्या जागी ठेवजा, माह्या डोळ्यासमोर लय मोबाईल तळाले गेले.

आमी दोघं भाऊ. दादा मोठा, मी लहान, मधात बरंच अंतर, म्हून दादा मले भाऊ कमी अन् बाप जास्त. मायबाप सकाळी वावरात जायेत ते दिवस बुडता येयेत, मंग मले सांभाळे कोन तं दादा. मले पव्हता त्यानंच शिकवलं, आमच्याच वावरातल्या विहिरीत. पाठीले वाळलेला भोपळा बांधला, पोटाखाली हात धरला अन् म्हने हालव हात, मी आहो अठी. मी हात हालवून राहिलो, गटांगळ्या खाऊन राहिलो, अन् त्यानं पोटाखालचा हात कधी काढून घेतला मले समजलंच नाई. वर पाह्यलं तं दादा पायरीवर बसून हासून राहिला होता. त्या दिसापासून मले पान्याचं भेव नाई. आज जे काही कमवतो ते त्या विहिरीच्या जोरावर कमवतो, हे मी अठी कोनाले सांगत नाई, तुमाले सांगून राहिलो.

अन् दादाची तिफन, काय सांगू तुमाले. तिफन म्हनजे आपलं बी पेरायचं औजार, पुढं बैलजोडी, खाली तीन दाते, वरतं लाकडाचं चाडं, त्या चाड्यात मुठीनं बी सोडत चालायचं. दादा तिफन धरे अन् वयनी मांगून मूठ सोडे, अन् त्या दोघायनं पेरलेलं वावर उगवलं ना, तं धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, उभं राहून पाह्यलं का पहिल्या झाडाच्या मांग सारे झाडं लपून जायेत, एकच झाड दिसे. पेरनीच्या टायमाले लोकं घरी येऊन बसत, दादाले म्हनत, रामदास, उद्या आमच्या वावरात, रामदास, आमचं राहू देऊ नको. उजवा हात रुमन्यावर, म्हनजे तिफनीच्या दांड्यावर, डाव्या हातात कासरा, नजर समोरच्या धुऱ्यावरच्या झाडावर. अन् त्याचा एकच नियम, धुरा येयेपर्यंत हात बदलायचा नाई. हात कितीबी भरून येऊ दे, मधात हात बदलला तं तिफन लचकते अन् तास, म्हनजे पेरनीची ओळ, मोडते, अन् मोडलेला तास पीक निंगेपर्यंत सारं गाव पाह्यते. मले तिफन काही जमली नाई. म्या धरली तं बैलबी मांग वळून पाहेत, आज हा कोन आला म्हून.

मंग मी अठी आलो. पहिले पायानं चालवायच्या बोटी होत्या, त्या हंसाच्या तोंडाच्या, त्यायले धक्का द्याचं काम केलं. मंग राजापेठेतले एक सर आले, त्यायचे अमरावतीत ट्युशन क्लासेस हायेत, पोट्ट्यायले गनित शिकवून शिकवून कटाळले असतीन, गोव्याले गेले अन् ह्या फळ्या पाहून आले. हवा भरायची फळी, तिच्यावर उभं राहाचं अन् वल्हं मारत जायाचं. सर म्हने गजू, तुले पव्हता येते ना, मंग तू शिकवशीन. म्या म्हनलं सर, मले कोन शिकवन. ते म्हने तू पड, उठ, शिकशीन. महिनाभर पडलो. गावातले लोकं येऊन पाहून जायेत, म्हनेत गजाले काम नाई, पान्यावर उभा राह्यते.

आता तुमाले वाटन यात शिकवायचं काय. ताई, पहिल्या डावाले कोनाचीच फळी सरळ जात नाई. उभं राहनं जमून जाते, पन फळी गोलच फिरते, अन् मानसाले वाटते फळीच खराब देल्ली. पहिले खाली पाहाचं, शेपूट लावली का. फिन म्हनतात तिले, आमी शेपूट म्हनतो. एक डाव एका वकीलसाहेबाच्या फळीले म्या शेपूट लावलीच नोती, ते गरगर फिरून राहिले अन् मी काठावरून वरडून राहिलो, साहेब असं करा, साहेब तसं करा. त्यायनं काहीच चुकवलं नोतं, चूक माही होती. मंग वल्ह्याचं पान पाहाचं, त्याचा बाक पुढच्या अंगाले पाह्यजे, सारे उलटंच धरतात. वल्हं फळीच्या जवळ, उभंच्या उभं घालाचं, पुढून टाकलं का पायापाशी आलं तं काढून घ्याचं, पायाच्या मांग ओढत नेलं का फळीचं तोंड फिरलंच समजा. अन् एकाच बाजूनं मारत राहाचं नाई. इकडून चार, तिकडून चार, हात बदलत. अन् खाली पाहाचं नाई. हे मी दिसातून कितीदा म्हनत असीन, खाली पाहू नका, समोर पाहा. लक्षात ठेवजा ताई, मंग पुन्हा काम पडन त्याचं.

बाप गेल्यावर वावराचे दोन हिस्से झाले, अर्धं दादाचं, अर्धं माहं, मधात एक धुरा. भांडन नाई, तंटा नाई, दादा म्हने तुले विहिरीकडचं घे, तिकडची माती चांगली हाय. म्या घेतलं. अन् घेऊन केलं काय, तं ठोक्यानं देल्लं, म्हनजे सालभरासाठी दुसऱ्याले कसायले. आमच्याकडं रीत अशी हाय का ठोक्याचं बोलनं पाडव्याच्या आधी होते, अन् पहिले घरात इचारतात. भावाले इचारतात, तू कसतं का. भाऊ नाई म्हनला तंच बाहेर जायाचं. म्या कधीच इचारलं नाई. लोकायले म्हनो दादा एकला किती करन, त्याचे गुडघे दुखतात. अन् खरं सांगू का, भावाले वावर देल्लं तं भावाजोळ तोंड उघडून ठोक्याचे पैसे मांगता येत नाई, परक्याजोळ येते. एवढंच होतं ते. गुडघे बिडघे सारं मांगून लावलेलं.

अर्ध्या वावरावर बैलजोडी परवडत नाई हे लेकराले बी समजते. मले समजत नोतं असं नाई. दादानं तरीबी ओढली जोडी, चारा कमी पडे तं धुऱ्याचं गवत कापून आने. मंग एक बैल म्हातारा होऊन गेला. दुसरा एकला खाये ना पिये, तो ओळखीच्या घरी देऊन टाकला. गोठा रिकामा झाला. वयनीनं मले सांगतलं, भाऊजी, हे रोज सकाळी उठून गोठ्यात जातात, उभे राह्यतात अन् वापस येतात. म्या आयकून घेतलं.

यंदा पाडव्याच्या आधी बाळूचा फोन आला. बाळू म्हनजे गावातला ट्रॅक्टरवाला, माहं वावर तोच कसून राहिला होता. मी अठी कमरीएवढ्या पान्यात, एका हातानं एका ताईची फळी धरलेली, दुसऱ्या हातात फोन. तो म्हने गजाभाऊ, याहीवर्षी आपलंच ना. म्या म्हनलं हाव हाव, तुहंच. ठेवला फोन अन् त्या ताईले म्हनलं समोर पाहा. एवढ्यात झालं ते, ताई. चहा घेशीन का म्हनल्यावर मानूस हाव म्हनते ना, तसं.

मंग दोन-तीन दिसानं सकाळीच वयनीचा फोन. भाऊजी, हे तुमच्याकडं निंगाले. यायनं एक जोडी पाह्यली, तांबडी, नुसती पाहात राहाव अशी. मालक पाडव्यापर्यंत थांबतो म्हने. आता तुमचा हिस्सा यायच्याकडं आला तं जोडी परवडन. लय दिसानं मानूस जेवला काल नीट. तुमी नाई म्हनू नका भाऊजी, ते पहिल्यांदा कोनाले काही मांगायले निंगाले. म्या म्हनलं येऊ द्या वयनी. एवढंच म्हनलं. बाळूले शब्द देल्ला हे मले वयनीले सांगता आलं नाई.

दादा काळीपिवळी जीपनं आला. धुतलेला पायजमा, टोपी, गळ्यात दुपट्टा, हातात पिशवी, पिशवीत वयनीनं बांधलेली भाकर अन् ठेचा. एवढ्या वर्सात तो पहिल्या डावाले अठी आला. बसला झाडाखाली, पानी पेला, अन् म्हने गजा, एक गोष्ट काढाची होती. अन् मले काय सुचलं पाहा. म्या म्हनलं गोष्ट होईन दादा, पहिले तू फळीवर चाल. तो म्हने अबे मी? या वयात? म्या म्हनलं तुले पव्हता येते, भेव काय. त्याले जाकीट घातलं, पायजमा वर खोसला, अन् नेला पान्यात. त्याले वाटलं लहान भाऊ हौसेनं दाखवून राहिला. मी तं फक्त त्याचं तोंड बंद करून राहिलो होतो.

उभा राहिला तो एका झटक्यात. ताई, तरणे पोट्टे गुडघ्यावर थरथर कापतात, अन् हा मानूस उभा राहिला, ढेकळातून चालून चालून पाय पक्के झालेले. मले बरं वाटलं. मंग त्यानं वल्हं मारलं, उजव्या अंगानं, अन् मारतच गेला उजव्या अंगानं, अन् फळी डाव्या हाताले वळली, वळत वळत पुरी फिरली, अन् दादा जिथून निंगाला तठीच आला. पुन्हा मारलं, पुन्हा फिरला. मी बाजूच्या फळीवर. म्या पाह्यलं शेपूट बराबर, पान बराबर, वल्हं जवळून उभं मारते, पायापाशी काढते, सारं सांगतल्यासारखं. म्या म्हनलं दादा, हात बदल, आता डाव्या अंगानं. तो म्हने थांब, धुरा येऊ दे. म्या म्हनलं कोनता धुरा. तो म्हने तो तिकडचा काठ, तठी बदलतो. मधात हात बदलला तं तास मोडते, तुले माहीत नाई का.

अन् फिरत राहिला. काठावर अमरावतीचे आठ-दहा जन डबे खात बसले होते, ते हासायले लागले. एकानं मोबाईल काढला. एक बाई म्हने बाबाची चक्की झाली का हो. ज्या मानसाच्या तासात सारे झाडं एका झाडामांग लपेत, तो मानूस टोपी घालून माह्या डोळ्यासमोर पान्यावर गोल फिरून राहिला, अन् त्याले तठी उभं कोनं केलं तं म्या. कायले, तं त्यानं एक गोष्ट काढू नाई म्हून. मले त्या लोकायचा राग नाई आला. मले वाटलं मी उडी मारून खाली तळाले जाऊन बसाव.

दादाच्या मात्र कपाळावर आठी नाई. तो म्हने गजा, हे काय म्हनते तुही फळी, इले बैलावानी पराना टोचावा लागते का. मंग मले सुचलं. म्या म्हनलं दादा, पान्याले तास नाई. अठी दर चार हातावर धुरा समज. चार मारले का धुरा आला, हात बदल, पुन्हा चार, पुन्हा धुरा. तो थांबला. इचार केला त्यानं. म्हने मंग हे भलतंच वावर हाय, एवढे धुरे. म्या म्हनलं हाव, अन् फळीकडं पाहू नको, समोर झाड धर, तिफनीले धरतो तसं. त्यानं समोरच्या काठावरचा पळस धरला, फुलं सरत आलेला, पन दिसत होता लाल. चार इकडून, हात बदलला, चार तिकडून, हात बदलला. अन् ताई, फळी जी निंगाली. मांग पाह्यलं म्या, पान्यावर रेघ पडत जाते ना फळीची, ते रेघ सरळ. काठावरच्या हासनाऱ्यायनंच टाळ्या वाजवल्या. मीबी वाजवनार होतो, हातात वल्हं होतं.

मधात गेलो. कोनी नाई, आमी दोघं अन् पानी. दादा पळसाकडं पाहातच बोलला, नजर काढली नाई. म्हने गजा, यंदा तुहा हिस्सा मले दे. जोडी पाह्यली म्या. तुले परका जे देते ते मीबी दीन, भाऊ म्हून कमी नाई देनार. एका दमात बोलला, वाटेनं घोकत आला असन. म्या वल्हं मारायचं थांबवलं. म्या म्हनलं दादा, बाळूले शब्द देल्ला.

तो वल्हं मारतच राहिला. चार इकडून, चार तिकडून. मंग म्हने कधी. म्या म्हनलं दोन-तीन दिस झाले. लगेच म्हनलं मी आजच वापस घेतो, बाळूले सांगतो, तो काय करन. तं दादा म्हने नाई. देल्लेला शब्द वापस घेशीन तं त्या वावरात मी पाय ठेवनार नाई. बाळूनं त्याच्या भरवशावर खत आनलं असन. तो म्हने मले एकदा इचारलं असतं गजा, मी नाई म्हनलो असतो तरी चाललं असतं. मंग म्हने, हे फळी वापस वळवायची कशी, ते सांग.

म्या सांगतलं. एकाच बाजूनं मार दादा, लांब मार, पार मांगपर्यंत ओढ, आपोआप फिरते. मघाशी जे चुकत होतं तेच कराचं. त्यानं तसंच केलं. काठावर आला, जाकीट काढून घडी करून माह्या हातात देल्लं, भाकर काढली, अर्धी मले देल्ली. आमी जेवलो. ठेचा तिखट होता, मले बहाना भेटला डोळे पुसायचा. जाताना म्हने चांगलं काम हाय तुहं, लोकायले सरळ चालवतं. टोमना नोता तो. दादाले टोमना मारता येत नाई. टोमना असता तं मले झोप लागली असती.

ते तांबडी जोडी दुसऱ्या गावी गेली. पेरनीले दादानं कोनाची तरी जोडी मांगून आनली, आपला हिस्सा पेरायले. वयनीचा हात मुरगळला होता, म्हून म्या सुट्टी घेतली, म्हनलं चाड्यावर मी येतो. वयनी म्हने जमन का भाऊजी. म्या म्हनलं जमवतो. दादानं तिफन धरली, उजवा हात रुमन्यावर, आर आर म्हनलं, निंगालो. मी मांगून मूठ सोडत, मान खाली घालून. पहिल्याच ओळीत दादा म्हने खाली कायले पाह्यतं बे, मुठीले आपोआप समजते, मान वर कर, समोर पाह्य, नाईतं पाय तासात पडतीन तुहे. मांग न वळता म्हनला, त्याले आवाजावरून समजे.

पन मान वर केली तं समोर काय होतं, ताई. समोर माहा हिस्सा. विहिरीकडचा. त्यात बाळूचा ट्रॅक्टर पेरून राहिला होता. मधात फक्त धुरा. मांगून आनलेल्या बैलामांग दादा, अन् दादाच्या समोर तो ट्रॅक्टर, अन् दादा त्याच्याच दिशेनं झाड धरून चाललेला, नजर न हालवता. मले पाहवलं नाई. मी खालीच पाहात राहिलो पुरं वावर होयेपर्यंत. उगवल्यावर पाह्यलं तं तास सरळ होते, पन मधात मधात बी दाट पडलं, मधात जागा रिकामी राह्यली. ते माहे हात. विरळ जागी दादानं हातानं बी टोबून घेतलं. पोळ्याच्या दिशी साऱ्या गावाचे बैल निंगाले, दादा घराबाहेर आला नाई.

आता म्या बाळूले सांगून ठेवलं, पुढच्या पाडव्याले वावर दादाकडं. दादालेबी जाऊन सांगतलं, त्याच्या घरी, त्याच्या ओसरीत बसून, आधी त्याले इचारून. तो म्हने पाहू. म्हने आता खरंच गुडघे दुखतात गजा. जे मी खोटं लोकायले सांगत फिरलो ते खरं होऊन बसलं. वयनी म्हनते येतीन बैल, तुमी मनाले लावून घेऊ नका. देव तिचं भलं करो. पन गोठ्यात कोनी झाडून ठेवते रोज, ते म्या पाह्यलं.

चाला, उठा ताई, वारं पडलं, आता पानी चांगलं हाय. शेपूट लावली म्या, दोनदा पाह्यलं. पान पुढच्या अंगाले, वल्हं जवळ, चार इकडून चार तिकडून. समोर तो पळस धरा. मी मांगून फळी धरतो, हात कधी सोडला ते सांगनार नाई, तुमी इचारू नका. फक्त माह्याकडं वळून पाहू नका अन् खाली पाहू नका. मी आहो अठी. हे माहं बोलनं नाई, दादाचं हाय, विहिरीतलं. ज्याले म्हनायले पाह्यजे होतं त्याले म्हनलं नाई, म्हून आता येईन त्याले म्हनतो. जा, सरळ जा.